सहा ग्राफिक कार्डं आणि गॅसच्या पावत्या

मी आजवर कोणालाही उलट उत्तर दिलेलं नाही.

याला माझ्या सासरचे लोक संस्कार म्हणतात. ते संस्कार नाहीत, ती भीती आहे. न्हावी मागून आरसा धरून "बरोबर ना साहेब?" विचारतो, तेव्हा आरशात भलताच कोणीतरी बसलेला दिसत असला तरी मी "फस्क्लास!" म्हणतो. आमच्या सोसायटीचे चेअरमन माझ्या पार्किंगच्या जागेत स्वतःच्या भाच्याची गाडी लावतात आणि वर मलाच विचारतात, "अडचण नाही ना?" मी म्हणतो, "छे छे! उलट जागेला सोबत झाली!"

आता उत्तरं मला सुचत नाहीत असं नाही. सुचतात, चांगली झणझणीत सुचतात. पण ती पोटात राहिली की मला पित्त होतं. त्यावर मी एक उपाय काढला होता. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर मी ती उत्तरं पत्रांच्या रूपात लिहून ठेवायचो. 'सप्रेम नमस्कार' पासून 'आपला नम्र, सुधीर' पर्यंत रीतसर पत्र. चेअरमनना, तळोज्याच्या कारखान्यातल्या आमच्या मॅनेजरसाहेबांना, माझे मेहुणे अनंतराव यांना, सासूबाईंना (सासूबाईंना जरा जास्तच). लिहायचं, एकदा वाचायचं, सेव्ह करायचं आणि वर ग्लासभर ताक प्यायचं. पाठवायचा प्रश्नच नव्हता! ही सगळी पत्रं ज्या फोल्डरमध्ये होती त्याला मी 'गॅसच्या पावत्या' असं नाव दिलं होतं, कारण त्या नावाचं काही आपण होऊन उघडेल असं माणूस आमच्या घरात नव्हतं. घरात माणसंच दोन, मी आणि माझी बायको शुभदा.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. आणि मग दोन हजार सतरा साल संपता संपता आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये बिटकॉइन शिरलं.

जो तो तेच बोलत होता. डिस्पॅचमधल्या एकाचा साडू म्हणे घरी नुसता झोपून असतो आणि त्याचं मशीन नाणी पाडतं. मी स्टोअरकीपर माणूस. नट-बोल्ट मोजण्यात आयुष्य गेलेलं. नुसतं झोपून मिळणारं काहीतरी असू शकतं या विचाराने माझी झोप उडाली. चौकशी केली तेव्हा कळलं की खऱ्या बिटकॉइनचं मशीन आपल्या आवाक्याबाहेर आहे, पण बिटकॉइनचा एक धाकटा चुलतभाऊ आहे, त्याची नाणी साध्या ग्राफिक कार्डांवर पाडता येतात. कार्डं म्हणजे गेम खेळणारी पोरं कॉम्प्युटरला लावतात ती. नवी कार्डं बाजारात मिळेनात, कारण सगळ्यांचेच साडू झोपले होते. मग मी जुन्या वस्तूंच्या एका वेबसाइटवरून, नाशिकच्या एका अनोळखी माणसाकडून, सहा वापरलेली कार्डं घेतली.

पैसे आधी पाठवले. पैसे पोचले आणि त्या माणसाचा फोन बंद झाला!

चार दिवस मी जेवलो नाही असं शुभदा सांगते. (जेवत होतो, पण चव लागत नव्हती.) पाचव्या दिवशी खोकं आलं. खोक्यात विटा निघतात, साबणाच्या वड्या निघतात, असं मी इतकं ऐकलं होतं की शुभदाला म्हटलं, "मी उघडतो, तू मोबाईलवर शूटिंग कर. पुरावा पाहिजे." तो पुरावा आजही आमच्याकडे आहे. त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त माझं टक्कल दिसतं आणि मागून शुभदाचा आवाज येतो, "उघडा की! अहो, हात का थरथरतायत? साप आहे का त्यात?"

साप नव्हता. जुन्या बनियनांत गुंडाळलेली सहा कार्डं होती आणि एका कार्डाच्या पंख्यात पालीचं अंडं होतं. त्याचे त्याने वेगळे पैसे लावले नव्हते.

मशीन उभं करायला मी शुभदाची कांद्या-बटाट्यांची मांडणी घेतली. नव्या हार्डडिस्कचा खर्च कशाला, म्हणून घरच्या जुन्या कॉम्प्युटरमधली डिस्क काढून हिला जोडली. (हे वाक्य मी आज इतक्या सहज लिहिलं. तेव्हाही इतक्याच सहज केलं होतं. घात असाच होतो.) बटण दाबल्यावर आमच्या पनवेलशेजारच्या करंजाड्यातल्या त्या दोन खोल्यांत पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज झाला आणि तासाभरात बेडरूममध्ये वैशाख आला. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर येऊन विचारलं, "तुमच्याकडे गर्भसंस्कारासारखं काही चालतं का? सारखं घुमतंय." इस्त्री लावली की फ्यूज जायचा. सासूबाई राहायला आल्या की त्या मशीनपुढे सांडग्यांचं ताट ठेवायच्या. नऊ महिन्यांत त्या यंत्रातून हातात धरता येईल अशी जी कमाई झाली ती म्हणजे दोन डबे सांडगे आणि एक डबा कुरडया. नाण्याचा भाव दरम्यान असा घसरला होता की विजेचं बिल आलं की शुभदा ते माझ्यापुढे धरून नुसती उभी राहायची. बोलायची नाही.

एके दिवशी बोलली. "हे तरी जाईल, नाहीतर फ्रीज तरी. दोघं एका घरात नांदणार नाहीत."

मी त्याच वेबसाइटवर जाहिरात टाकली. आता विकणाऱ्याचे दिवस किती भयंकर असतात ते कळलं. एकाने नुसतं "लास्ट?" एवढंच विचारलं. मी आकडा सांगितला, तर पुन्हा "लास्ट?" हे त्याने अकरा वेळा विचारलं. एकजण कळंबोलीहून म्हणाला, पैसे नाहीत पण चालायचं मशीन देतो, व्यायामाचं. आणि मग एक मेसेज आला.

"सगला घेतो. भाव तुमचा. उद्या येतो."

भाव न करता जुना माल उचलणारा माणूस मी उभ्या पनवेलीत पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या इमारतीखाली आमच्या हॉलएवढी पांढरी गाडी थांबली आणि तिच्यातून पन्नाशी-पंचावन्नचे एक गृहस्थ उतरले. पांढरा झब्बा, गळ्यात बैलाला शोभेल अशी सोन्याची साखळी. बरोबर दोन आडदांड माणसं. ते खारघरजवळच्या ओवे गावचे दामूशेठ. तिथलेच मूळचे. जमिनी गेल्या, इमारती आल्या, त्यांतल्या दोन-तीन यांच्याच.

"सूनबाईला पायजे," ते म्हणाले. "लग्नातल्या हलदीचे व्हिडीओ बनवते ती. कार्ड पायजे बोलली, तर आमी बोललो सगलीच घेऊन टाकू." त्यांनी पैसे दिले, दोघांनी ती मांडणीच उचलली, डिस्कसकट, वायरींसकट, खालच्या कप्प्यातल्या चार लसणांसकट. जाताना दामूशेठ वळून म्हणाले, "भेटू परत." मला ते 'भेटू परत' आवडलं नाही.

पुढचा रविवार. चेअरमनच्या भाच्याने माझ्या पार्किंगमध्ये आता दुसरी गाडीही लावली होती. मी तणतणत वर आलो, पत्राचं पहिलं वाक्य जिभेवर तयार होतं, शुभदाचा लॅपटॉप उघडला, आणि मागच्या पत्रात काय म्हटलं होतं ते बघावं म्हणून फोल्डर शोधायला गेलो.

फोल्डर नव्हतं.

कसं असेल? ते डिस्कवर होतं, डिस्क मांडणीवर होती, मांडणी ओव्याला होती! मी विकण्यापूर्वी डिस्क पुसली होती का? मला आठवेना. मग आठवलं. मी मांडणी पुसली होती. ओल्या फडक्याने.

मी खुर्चीतच बसून राहिलो. कानांत ती गिरणी पुन्हा सुरू झाली. मनाची समजूत घातली, कोण कशाला उघडेल? 'गॅसच्या पावत्या'! सूनबाईला हळदीचे व्हिडीओ करायचेत, ती पावत्या कशाला बघेल? चार दिवस या आशेवर काढले. पाचव्या दिवशी, भर दुपारी, मी स्टोअरमध्ये बेअरिंगं मोजत असताना मोबाईल वाजला.

"साहेब, गॅसच्या पावत्या वाचल्या. सगल्या. भेटायला पायजे."

हातातली बेअरिंगं सुटली आणि शेडभर धावली. मी लिहिलं, "कसल्या पावत्या?" लगेच उत्तर आलं.

"सासूबायवाली लय भारी हाय."

मी फोनच लावला. "दामूशेठ, एक विनंती आहे. ती डिस्क तेवढी परत द्या. मी बदल्यात नवी कोरी देतो. दोन देतो!"

"नाय नाय, ती डिस्क आता सोडनार नाय," ते प्रसन्नपणे म्हणाले. "घरात सगल्यांना आवडलीय."

"सगळ्यांना?"

"संध्याकाली सूनबाय वाचते ओटीवर बसून. पयले घरचेच होते. आता आजूबाजूचे पन येतात."

"आजूबाजूचे!"

"परवा तर खुर्च्या मागवल्या मांडववाल्याकडून. आनि साहेब, तुमचे ते मॅनेजर, ज्यांना तुमी 'झाकण नसलेला प्रेशर कुकर' लिवलंय..."

"त्यांचं काय?"

"खारघरला आमच्याच बिल्डिंगीत भाड्यानं ऱ्हातात. चांगला मानूस. तुमी रविवारी या. घरी या. काम हाय तुमच्याकडं."

काम! सिनेमात असंच म्हणतात. आधी काम सांगतात, मग दुसरं काम सांगतात, मग माणूस खाडीत सापडतो. त्या दिवशी मी घरी पोचलो तो भिंत धरून. शुभदाने माझ्याकडे एकदा पाहिलं.

"काय झालं?"

"काही नाही. त्या डिस्कवर जरा काही राहून गेलंय."

"काय?"

"गॅसच्या पावत्या."

"गॅसच्या पावत्यांसाठी माणसाचे ओठ पांढरे पडतात?" ती माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. "खरं सांगा. कोण आहे ती?"

या क्षणी खरं सांगितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण 'तुझ्या आईवर मी लिहिलेली पत्रं ओव्यात खुर्च्या टाकून ऐकतात' हे वाक्य माझ्या तोंडून निघेना. मी घाबरून जवळ होतं ते खोटं बोललो. "बाई नाही गं! बँकेची कागदपत्रं आहेत. पासवर्ड वगैरे."

खोट्याला पाय नसतात म्हणे. माझ्या खोट्याला चाकं होती. शुभदाने पाच मिनिटांत अनंतरावांना फोन केला. अनंतराव म्हणजे तिचे थोरले भाऊ, जुन्या पनवेलीत सासूबाईंसह राहतात, चष्म्याचं दुकान आहे, आणि मोबाईलवर आलेलं सगळं वाचत असल्याने सायबर गुन्ह्यांतले तज्ज्ञ आहेत. त्यांच्या मागून सासूबाईंचा आवाज आला, "माझ्या ठेवीचे कागद पण सुधीररावांनीच कॉम्प्युटरात घातले होते ना? मी पण येणार!"

"आई, तुम्ही कशाला दगदग..." मी ओरडलो.

"माझ्या ठेवीची मला दगदग नाही होत," असं म्हणून फोन बंद झाला.

आणि अशा रीतीने रविवारी सकाळी ज्या माणसाच्या तोंडून माझी पत्रं बाहेर पडणार होती त्याच्याकडे मी ती ज्यांच्यावर लिहिली होती त्यांनाच गाडीत घालून निघालो! पुढे अनंतराव (चार पत्रं), मागे सासूबाई (नऊ पत्रं), मध्ये शुभदा, आणि खिडकीशी मी, काच खाली करून, हवा घेत.

"घाबरू नका सुधीरराव," अनंतराव गाडी चालवता चालवता म्हणाले. "आपण आत गेलो की मी बोलणार. पहिलं वाक्य असं टाकायचं की समोरचा गार पडला पाहिजे. आजकाल टोळ्या असतात. डोळ्यांत डोळे घालून बघायचं."

"हो."

"तुमच्याकडून काही लपवलं तर नाही ना गेलं? पोलिसांना आणि मेहुण्याला सगळं खरं सांगावं."

"अंहं," मी म्हणालो. खारघरच्या उड्डाणपुलावर मी देवाकडे गाडी पंक्चर होऊ दे असं मागितलं. चारी टायर शाबूत राहिले.

दामूशेठचं घर म्हणजे तीन मजली बंगला, फाटकावर दोन सिमेंटचे सिंह, आणि बाजूला आठ फूट उंच भिंत, तिच्यापलीकडे तसाच दुसरा बंगला, तसेच सिंह. अंगणात खरोखरच खुर्च्या मांडलेल्या होत्या. पंधरा-वीस माणसं बसली होती. आम्ही फाटकातून आत शिरलो आणि ती सगळी उभी राहिली.

अनंतराव डोळ्यांत डोळे घालायला पुढे झाले. पण इतके डोळे बघून त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. त्यांचं ते पहिलं वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही.

"आले! लेखक आले!" दामूशेठ हात पसरून आले. "बसा, बसा. ए, च्या आना. आनि या कोन?"

"मी ह्यांची सासू," सासूबाई ठणकावून म्हणाल्या. "माझ्या ठेवीचे कागद कुठं आहेत?"

पंधरा-वीस माणसांनी सासूबाईंकडे असं पाहिलं, जसं ऐकीव वाघ प्रत्यक्ष दिसल्यावर बघतात. एक म्हातारी शेजारणीला कोपराने ढोसून म्हणाली, "हीच गो ती! आमटीवाली!"

"कोण आमटीवाली?" सासूबाई म्हणाल्या.

मी दामूशेठना डोळ्यांनी, भुवयांनी, हातांनी, शक्य त्या सर्व अवयवांनी खुणावलं. त्यांनी त्याचा अर्थ 'सुरू करा' असा घेतला! "प्रणाली, वाच गो! त्यांच्यासमोरच वाच, मजा येल." आतून पंचविशीची हसतमुख सून आली. तिच्या हातात चक्क छापून, स्पायरल घातलेलं पुस्तक होतं. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'गॅसच्या पावत्या'.

"ही मी लिहिलेली नाहीत," मी म्हणालो. "माझा एक मित्र आहे..."

प्रणालीने वाचायला सुरुवातही केली होती. तिचा आवाज स्वच्छ होता, दुर्दैवाने. "ती. आईंना सप्रेम नमस्कार. पत्र लिहिण्यास कारण की, मी रविवारी हौसेने आमटी करतो. आपण पळीने चव घेता, दोन क्षण छताकडे बघता, आणि नुसतं 'हं' म्हणता. आई, हा 'हं' होकार आहे, नकार आहे, की श्रद्धांजली?"

"हं," सासूबाई म्हणाल्या.

सगळं अंगण त्यांच्याकडे वळलं. मग शुभदाने माझ्याकडे पाहिलं. मग अनंतरावांनी चष्मा घातला आणि माझ्याकडे पाहिलं.

"आई, ते आपलं उगाच..." मी पुटपुटलो.

"वाच गं पोरी पुढे," सासूबाई थंडपणे म्हणाल्या. मी त्यांना ओरडताना ऐकलंय, त्याची सवय आहे. हा आवाज नवा होता.

ती वाचत राहिली. तीन पानं होती! सासूबाई माझी ओळख 'हे आमचे जावई, तसे बरे आहेत' अशी करून देतात आणि त्या 'तसे'मध्ये माझी सतरा वर्षं गेली, ते आलं. मी आंघोळीला गेलो की त्यांना गिझर दुरुस्त करावासा वाटतो, ते आलं. लोक हसत होते. मी मानेखालून घामाचा ओघळ कुठवर गेला ते मोजत होतो. शेवटचा परिच्छेद मी विसरूनच गेलो होतो.

"माझी आई मी कॉलेजात असताना गेली," प्रणाली वाचत होती, आणि आता कोणी हसत नव्हतं. "तिला माझ्या हातचं काही करून घालायचं राहिलं. म्हणून तुम्ही चव घेताना मी पळीकडे बघत नसतो, तुमच्या तोंडाकडे बघत असतो. कधीतरी बरं म्हणा. आपला नम्र, सुधीर."

सासूबाईंनी पदराने चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "आमटी चांगली असते. मीठ कमी असतं." आणि थोड्या वेळाने, "हे तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"भीती वाटते," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातलं मी त्यांना दिलेलं ते पहिलं सरळ उत्तर.

"तेच!" दामूशेठ मांडीवर थाप मारून म्हणाले. आणि त्यांनी माझ्यापुढे खुर्ची ओढली. आता जवळून मला दिसलं की हा माणूसही घाबरलेला आहे. "साहेब, ती भिंत बघितलीव? पलीकडं आमचा थोरला भाव ऱ्हातो. बालारामभाव. माझ्या पोरीच्या लग्नाच्या पत्रिकेत कोनाचं नाव वर, यावरून बिनसलं. अकरा वर्सं झाली. बुधवारी त्याच्या नातीची हलद हाय. हाक येनार नाय, पन मना जायचंय. मना शिवी देता येते, भाषान देता येतो, पन आतलं बोलता नाय येत. तुमी लिवा. तुमी भांडता पन, आनि शेवटाला रडवता पन. तसं लिवा."

हे काम होतं! एवढ्यासाठी माझा आख्खा आठवडा गेला, माझं वजन कमी झालं! मला हायसं वाटायला हवं होतं. पण दामूशेठ दोन भावांमधली अकरा वर्षांची भिंत माझ्या हातात देत होते, आणि शब्द चुकला तर बुधवारी तिथे काय होईल या विचाराने मला नव्याने घाम फुटला.

"लिहितील," सासूबाईंनी परस्पर सांगून टाकलं. "मी बघते कसे लिहीत नाहीत."

प्रणालीने कागद दिला. दामूशेठ बोलत गेले, मी लिहीत गेलो. आधी पत्रिकेचा राग आला, मग भिंतीच्या खर्चाचा आला. मग बोलता बोलता ते मागे गेले, लहानपणीच्या मिठागरावर. बापाच्या मिठागराचा बांध एकदा यांनी खेळताना फोडला, खाडीचं पाणी शिरलं, सगळं मीठ गेलं, आणि मार खाल्ला थोरल्याने. "मी कदी बोललो नाय त्याला, की तो मी होतो," दामूशेठ म्हणाले आणि साखळीशी खेळत बसले.

अर्ध्या तासाने पत्र झालं. "वाच गो," ते सुनेला म्हणाले, "आयकू दे कसं वाटतंय." प्रणाली भिंतीजवळच्या खुर्चीवर उभी राहून वाचू लागली. ती बांधाच्या ओळीपर्यंत आली आणि भिंतीपलीकडून आवाज आला.

"दाम्या! बांध तू फोडलास, ते मना तवाच म्हायत होतं!"

दामूशेठच्या हातातली बशी खाली पडली.

"दादूस?" ते भिंतीला म्हणाले. "तू आयकतोस?"

"आठ दिवस आयकतोय! खुर्ची टाकून बसतोय रोज!" भिंत म्हणाली. "एवढं बोलाला अकरा वर्सं लागली होय रं? आनि त्या पोरीला सांग जरा जोरात वाच. चेअरमनवाल्या पत्राचा शेवट मना आयकाला नाय आला!"

फाटक होतं. रस्त्याने चालत दोन मिनिटांत येता आलं असतं. पण अकरा वर्षांनंतर फाटकाने वळसा घालून कोण येतं? भिंतीवर पलीकडून शिडी लागली आणि साठी उलटलेले बालारामभाऊ लुंगी सावरत वर आले. अलीकडे शिडी नव्हती. मग त्या दोन आडदांड माणसांनी त्यांना खांद्यांवर उतरवून घेतलं. दोघे भाऊ एकमेकांसमोर उभे राहिले, दोघांनी एकमेकांना प्रथम एकेक सणसणीत शिवी दिली, आणि मग दामूशेठ लहान मुलासारखे रडायला लागले. अनंतरावही रडले. त्यांचा तसा काही संबंध नव्हता.

जेवल्याशिवाय कोणी सोडलं नाही. निघताना दामूशेठनी डिस्क माझ्या हातात ठेवली. "पुस्तक मात्र आमच्याकडं ऱ्हाणार," ते म्हणाले. "आनि तुमच्या मॅनेजरवालं पत्र आमी त्यांना दाखवलं नाय, घाबरू नका. पुढच्या म्हयन्यात भाडं वाढवायचं हाय, तवा बघू."

परतीच्या वाटेवर गाडीत मी शिक्षेची वाट बघत होतो.

"माझ्यावर किती आहेत?" अनंतरावांनी विचारलं.

"चार."

"फक्त चार?" ते दुखावल्यासारखे झाले. "आणि आईवर?"

"नऊ."

"हं," सासूबाई म्हणाल्या. आणि मान जरा ताठ करून बाहेर बघू लागल्या.

मग शुभदाने हळूच विचारलं, "आणि माझ्यावर?"

"एकही नाही," मी म्हणालो. आणि ते खरं होतं.

तिने माझा हात धरला. सगळ्यांदेखत, गाडीत! "सतरा वर्षांत एकही तक्रार नाही?" त्या दिवसापासून ती हे प्रत्येक समारंभात सांगते. बायका ऐकतात, मग आपापल्या नवऱ्यांकडे बघतात, नवरे माझ्याकडे बघतात, आणि मी नम्रपणे जमिनीकडे बघतो.

खरं कारण मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. तिला लिहायला मी कितीदा तरी बसलो होतो. पण स्वयंपाकघरात बांगड्या वाजल्या की फाइल बंद करायचो. शेवटी एकदा ती आठवडाभर माहेरी गेली, आख्खी दुपार मोकळी मिळाली. मी दाराला आतून कडी घातली, खिडक्या लावल्या, पडदे ओढले, 'प्रिय शुभदा' एवढं टाइप केलं, आणि घाबरून तेही पुसून टाकलं.